सांध्यात मुरलेलं

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस मी न्हाणीघराच्या फरशीवर ॲसिड ओतलं. दुकानात बिनलेबलाच्या बाटलीत मिळतं, तेच. ओतल्याबरोबर फरशांच्या सांध्यांतून फेस फसफसत वर आला आणि दहा मिनिटांत १५ वर्षांचे काळेपिवळे सांधे पांढरे दिसायला लागले. मला किती बरं वाटलं होतं. सासूबाईंना बोलावून दाखवलं, शेजारच्या काकूंना दाखवलं. इतकी वर्षं हे का केलं नाही, असंच मनात आलं.

संक्रांतीच्या सुमारास न्हाणीघराला लागून असलेल्या देवघराच्या भिंतीला लोणा लागला. आधी रंगाला फुगा आला, मग पोपडे सुटले, आत पांढरी भुकटी. देवाच्या पाटामागची भिंत रोज सकाळी थोडी थोडी झडलेली दिसायची. पाइप फुटला असेल म्हणून ह्यांनी वडगावच्या एका गवंडीमामांना बोलावून आणलं. मामा साठीचे आहेत, चाळीस वर्षं फरशी बसवतात. त्यांनी पाइपकडे बघितलंसुद्धा नाही. न्हाणीत उकिडवे बसले, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून एका सांध्यातून ओढला. खर्र करून सगळी वाळू बाहेर आली. दाणेदार, कोरडी, बोटांत धरली तर सांडून जाईल अशी.

"वैनी, ॲसिड वतलासा काय हो ह्यात?"

मी हो म्हणाले.

"मळ गेला न्हाई बघा. मळासकट सिमेंट गेलं."

तेव्हापासून मी हे काम नीट समजून घ्यायचं ठरवलं. आमचं घर बेळगावात, अनगोळला, २००९ साली बांधलेलं. पुढच्या सोप्यात आणि हॉलमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड फरशा, स्वयंपाकघरात कट्ट्याच्या वर भिंतीला फुलाफुलांच्या टाइल्स, न्हाणीत खरखरीत एक बाय एकच्या. मागच्या पडवीत मात्र जुन्या घरातून काढून आणलेली शहाबादी. सगळे सांधे त्या वेळी पांढऱ्या सिमेंट-वाळूनं भरले होते, तसंच सगळे करायचे.

सांधे फरशीच्या आधी का काळे पडतात, हे मामांनी पाण्याच्या थेंबानं दाखवलं. वाटीत बोट बुडवून एक थेंब फरशीवर टाकला, एक सांध्यावर. फरशीवरचा थेंब मोत्यासारखा उभा. सांध्यावरचा पाच-सहा आकडे मोजेपर्यंत आत गेला आणि तिथं ओला डाग राहिला. व्हिट्रिफाइड फरशी जवळजवळ पाणी पीतच नाही, तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. सिमेंटला मात्र डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यांतून ते पाणी ओढून घेतं. आपण फरशी पुसतो तेव्हा बादलीतलं मळकं पाणी फरशीवरून सरकतं आणि थोड्या खोल असलेल्या सांध्यात जाऊन थांबतं. पाणी वाळतं, मळ तिथंच राहतो. रोज एक पातळ थर. १५ वर्षं रोज. म्हणजे सांधे काळे मीच केले होते, रोज स्वच्छता करता करता.

ॲसिडचंही मामांनीच सांगितलं, नंतर मी माझ्या भाच्याकडून अजून समजून घेतलं, तो केमिस्ट्री शिकवतो. सिमेंट पाण्यानं घट्ट होतं तेव्हा त्यात चुना तयार होतो. वरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आणखी कडक होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की हा चुना विरघळतो, फेस येतो तो त्यातून सुटणाऱ्या वायूचा. मी फेस बघून मळ निघतोय असं समजत होते. विरघळलेला चुना पाण्याबरोबर जाळीत गेला आणि मागं नुसती वाळू उरली. ती पांढरी दिसते, पण तिला धरून ठेवणारं काही नसतं. अंघोळीचं पाणी तिथून फरशीखाली जाऊ लागलं आणि भिंतीत चढलं.

हे सगळं ऐकताना मला सासूबाईंची पडवी आठवली. शहाबादी हा चुनखडीचाच दगड. दिवाळीच्या आधी बंब, घागरी, समया घासायला सासूबाई पडवीत बसतात, चिंचेचा कोळ घेऊन. जिथं त्या बसतात तिथल्या दोन फरशांची तकाकी गेलेली आहे, खडूसारखे फिकट गोल गोल डाग पडलेत, घागरीच्या बुडाच्या मापाचे. ते डाग मी किती तरी वेळा घासले होते. तो डाग नव्हताच, दगडच खाल्ला गेला होता. चिंचेनं दगड खाल्ला, मग ॲसिडनं सिमेंटचं काय होणार? आता पडवीत भांडी घासताना खाली प्लास्टिकची घमेली ठेवतो.

या वर्षी श्रावणात मी सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. मामांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, आधी मळ ओळखायचा. चिकट आहे का, खरखरीत आहे का, मातीचा आहे का, बुरशीचा आहे का. कट्ट्यामागच्या सांध्यावरून नख ओढलं तर नखात पिवळसर मेण आलं. फोडणीचं तेल, वाफ आणि धूळ. तेलकट मळाला धुण्याचा सोडा लागतो. रविवार पेठेतून किलोभर सोडा आणला, गणपत गल्लीतून ताठ नायलॉनचे दोन अरुंद ब्रश. तारेचा ब्रश घेऊ नका असं मामा म्हणाले होते. तारेनं फरशीवर रेघा पडतात आणि तारेचे बारीक कण सांध्यात अडकून पुढं गंजतात.

एक लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. प्लास्टिकच्या बादलीत, कारण सोडा ॲल्युमिनियम काळं करतो. हातमोजे घातले. सोड्यानं हातांची कातडी इतकी कोरडी होते की रात्री भाकरी थापताना चुरचुरतं, हे मला पहिल्याच दिवशी एका हाताचा मोजा फाटल्यावर कळलं. सांधे आधी साध्या पाण्यानं ओले केले, म्हणजे सोड्याचं पाणी एकदम आत शोषलं जात नाही. मग सोड्याचं पाणी लावलं आणि १५ मिनिटं थांबले. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. हात शिवशिवतो, घासावंसं वाटतं. पण काम ब्रशपेक्षा सोडाच जास्त करतो. तेल मऊ होऊन सुटायला त्याला वेळ हवा असतो.

मग घासलं. आडवं नाही, सांध्याच्या लांबीनं, हातभर हातभर. राखाडी, बुळबुळीत फेस वर आला, त्याला जळक्या तेलाचा वास. आणि इथं मी पहिल्या दिवशी चुकले. एक पूर्ण भिंत घासून काढली, तोवर फोन वाजला, बोलून परत येईपर्यंत फेस वाळला. पुसलं तर सांधे होते तसेच. सुटलेला मळ पाणी आत ओढताना पुन्हा सांध्यातच बसला. दुसऱ्या दिवसापासून मी एका वेळी चारच फरशा घ्यायचे आणि घासल्या घासल्या जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं फेस टिपून घ्यायचे. पुसायचं नाही, टिपायचं. फडकं दाबून ठेवलं की ते मळकं पाणी वर ओढून घेतं. ते फडकं बादलीत पिळलं तेव्हा पाण्याचा रंग चहासारखा झाला. दोनदा टिपलं, स्वच्छ पाणी मारलं, पुन्हा टिपलं.

जाऊबाईंच्या मुलानं मोबाइलवर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सांधे धुतात तो व्हिडिओ दाखवला. गॅसच्या डाव्या बाजूला मी तेही करून बघितलं. फेस खूप आला, दिसायला फारच छान. पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात, फेस कार्बन डायऑक्साइडचा, खाली उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. जे काही निघालं ते ब्रशानं निघालं. शिवाय व्हिनेगर म्हणजे पुन्हा ॲसिडच, सौम्य असलं तरी.

सोड्यानंतरही सांध्यांत एक पिवळट छटा राहिली, बहुतेक हळदीची. तिच्यासाठी कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर वापरली. तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा, दोन्ही सुटतात. हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात लापशीसारखी कालवली, सांध्यांवर जुन्या चमच्यानं भरली आणि वाळू नये म्हणून ओलं फडकं वर चिकटवून २० मिनिटं ठेवली. फडकं काढलं तेव्हा सांधा कसा दिसत होता हे मी सासूबाईंना दाखवायला गेले नाही. आधी स्क्रूड्रायव्हर ओढून बघितला. खर्र झालं नाही. सिमेंट जागेवर होतं. मग बोलावलं.

पुढच्या सोप्याचा मळ वेगळाच. आमची थोडी शेती खानापूरच्या वाटेवर आहे, पावसाळ्यात हे आणि दीर आठवड्यातून तीन-चारदा जातात. तिकडची माती तांबडीलाल, पायताणाला, लुंगीच्या काठाला, गाडीच्या चाकाला लागून येते. उंबऱ्यापासून चार हात सगळे सांधे विटकरी झालेले. इथं मी आधी पाणी लावलंच नाही. कोरडेपणी ब्रशानं उकरून, केरसुणीनं झाडून काढली माती. पाणी आधी लावलं असतं तर तिचा गारा होऊन आणखी आत गेली असती. झाडून काढलेली माती सुपलीत घेतली तर चांगली मूठभर भरली, एवढ्याशा जागेतून. त्यानंतर सोडा, त्यानंतर पावडर. तरी फिकट गुलाबी छटा राहिली. ती लोखंडाच्या गंजाची, या मातीचा रंगच त्याचा असतो, सोड्यानं तो जात नाही. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, ते विषारी असतं. दाराआड एका कोपऱ्यात वीतभर सांध्यावर पाण्यात अगदी पातळ करून लावलं, मोजे आणि चष्मा घालून. निम्मा डाग गेला. पण घरात रांगणारं बाळ आहे, दिराची नात. मी तो डबा त्याच दिवशी झाकण घट्ट लावून माळ्यावर कुलुपात ठेवला. गुलाबी छटा आहे तशी आहे. खानापूरची माती आहे ती, राहू दे.

खरं काम न्हाणीचं. पण ते श्रावणात करण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की चादरी तीन तीन दिवस वाळत नाहीत. सांधे उकरायचे तर नंतर ते पूर्ण कोरडे व्हायला हवेत. म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो.

मधल्या काळात भिंतीच्या वरच्या टाइल्सना आलेली काळी बुरशी तेवढी काढली. तिला ब्लीच लागतं, सोड्यानं ती वरवर निघते आणि पंधरा दिवसांत परत येते. एक वाटी ब्लीचला दहा वाट्या पाणी, खिडकी सताड उघडी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुतलं. इथं मला एक गोष्ट सांगायचीच आहे. गेल्या वर्षी ॲसिड ओतलं त्याच संध्याकाळी, अजून पांढरं व्हावं म्हणून, मी त्याच ओल्या फरशीवर ब्लीच टाकलं होतं. क्षणात हिरवट, घशाला चिमटा घेणारा वास भरला. नाकापासून छातीपर्यंत जाळ झाला, डोळे उघडेनात. दार उघडं होतं म्हणून बाहेर आले, रात्रभर खोकले. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुवायच्या बाटलीतसुद्धा ॲसिडच असतं, त्यामुळे ती बाटली आणि ब्लीच एका वेळी एका खोलीत काढायचं नाही. अमोनिया असलेल्या काचेच्या लिक्विडबरोबरही ब्लीच नको. आमच्या घरात आता ही दोन कपाटं वेगळी आहेत आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही मी बसवून समजावून सांगितलं.

न्हाणीतला पांढुरका, साबणासारखा थर वेगळा. नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं वापरतो. ते जड पाणी, त्यातलं कॅल्शियम साबणाबरोबर मिळून एक चिवट साय बनते आणि ती सांध्यांत बसते. कपडे धुताना फेस येत नाही तोही त्याचमुळे. याला मात्र थोडं आंबट लागतंच. मामा म्हणाले, "फरशीवर लावा, सांध्यात भरू नका, आन् आधी सांधं पाण्यानं भिजवून घ्या." सांधा पाण्यानं भरलेला असला की आंबट आत शिरत नाही. सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी फडक्याला लावून फक्त टाइलवर फिरवलं, दोन मिनिटांत धुतलं.

दसरा झाला, ऊन पडलं आणि मामा आले. सात दिवस अंघोळी जाऊबाईंच्या मागच्या न्हाणीत. चूल पेटवून बंबात पाणी तापवायचं, कितीतरी वर्षांनी. सासूबाई त्या सात दिवसांत फार खूश होत्या.

जमिनीचे सांधे मामांनी उकरले, भिंतीचे मी. हॅक्सॉ ब्लेडचा बोटभर तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली, बस. तीन मिलिमीटर तरी खोल जायला हवं, नाहीतर नवा माल वरवर बसतो आणि सुटतो. ब्लेड तिरकं झालं की टाइलची कड उडते. माझ्या हातून दोन उडाल्या, त्या अजून मला दिसतात. जिथं ॲसिड पोचलं नव्हतं तिथं जुनं सिमेंट दगडासारखं, मनगट भरून यायचं. जिथं पोचलं होतं तिथं ब्लेड लोण्यातून जावं तसं जायचं. तीन संध्याकाळी लागल्या. धूळ ब्रशानं आणि व्हॅक्यूमनं ओढून काढली, दोन दिवस टेबलफॅन लावून ठेवला.

भिंतीला मी पॉलिमर घातलेलं तयार ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, वापरलं, पाकिटावर लिहिलं होतं तेवढंच पाणी मोजून. पाणी जास्त झालं की सांधा वाळताना आकसतो, बारीक भेगा पडतात आणि रंगही कुठं गडद कुठं फिका येतो. टूथपेस्टएवढं घट्ट कालवून दहा मिनिटं तसंच ठेवलं, पुन्हा एकदा ढवळलं. मग रबरी पट्टीनं सांध्याला तिरकं धरून दाबत गेले. सरळ ओढलं तर पट्टीची कड सांध्यात शिरते आणि भरलेला माल उकरून आणते. २० मिनिटांनी ओलसर स्पंजनं, तोही घट्ट पिळलेला, हलक्या हातानं पुसलं. टाइलवर धुकं धरावं तशी पांढुरकी पुटं राहिली, ती दोन तासांनी कोरड्या फडक्यानं गेली.

जमिनीला मामांनी इपॉक्सी भरलं. त्याचे दोन भाग असतात, राळ आणि ते कडक करणारं. कालवल्यावर पाऊण तासात आवळतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. महाग आहे, सिमेंटच्या ग्राउटच्या कितीतरी पट. पण ते पाणी पीत नाही आणि साबण-ब्लीचला दाद देत नाही. पूर्ण घराला करणं आम्हाला परवडलं नसतं, गरजही नव्हती. जिथं रोज चार माणसांची अंघोळ होते तिथं मात्र मी मागं-पुढं बघितलं नाही. मामा एका गुडघ्यावर बसून भरत होते, मी मागून लगेच स्पंज फिरवत होते, कारण इपॉक्सीचा पापुद्रा फरशीवर वाळला की निघत नाही. त्या दुपारी आम्ही दोघं फारसं बोललोच नाही.

देवघराची भिंत अजून ओली होती. पोपडे खरवडून ती महिनाभर तशीच उघडी ठेवली, दिवाळी तशीच केली. ओल पूर्ण गेल्याशिवाय गिलावा आणि रंग करायचा नाही, हे मामांचं म्हणणं ह्यांना आधी पटलं नव्हतं.

दिवाळीनंतर स्वयंपाकघराच्या, हॉलच्या आणि न्हाणीच्या भिंतीच्या सांध्यांना सीलर लावला. श्रावणापासून मधल्या दोन महिन्यांत धुतलेले सांधे थोडे मळले होते, ते सोड्यानं परत पुसून दोन दिवस वाळू दिले. सीलर पाण्यासारखा पातळ असतो, सांध्याच्या आत जाऊन छिद्रांना आतून अस्तर लावतो. बारीक ब्रशानं सांध्यावरून रेघ ओढायची, पाच मिनिटांनी फरशीवर आलेला पुसायचा, तासानं दुसरा हात. मान दुखते, एवढंच.

पुसायची पद्धतही बदलली आहे. आता दोन बादल्या, एकीत पिळायचं, दुसरीत स्वच्छ पाणी, आणि पाणी मळलं की बदलायचं. साबणाचं पाणी थोडंच, कारण जास्त साबण वाळून चिकट राहतो आणि धूळ धरतो. मावशींना आधी वाटलं मी त्यांच्या कामात खोट काढतेय. मग मी त्यांना थेंबाचं दाखवलं, मामांनी मला दाखवलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाणी तीनदा बदललं.

काल पुन्हा वाटी घेऊन घरभर थेंब टाकत फिरले. हॉलमध्ये उभे राहिले. न्हाणीत उभे राहिले, देवघराच्या भिंतीला हात लावला तर कोरडी लागली. गॅसच्या मागे मात्र एक थेंब हळूहळू आत गेला. तिथं रोज पुसताना घासलं जातं, सीलर झिजला असणार. अर्धी बाटली शिल्लक आहे, रविवारी लावते.